चुकीचा हातचा

ठाण्याच्या माणसाला गणिताचा प्रश्न रचायला सांगा, त्यात आगगाडी येणारच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आपल्या गावाला येऊन थांबली, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर, आणि बऱ्याच ठिकाणी नोंदलेलं असतं त्याप्रमाणे वेळ ५७ मिनिटं.

मी राहते नौपाड्यात आणि शिकवते खाडीपलीकडे, ऐरोलीच्या बाजूला. डिप्लोमाचं पहिलं वर्ष, गणित. दहावी झालेली मुलं येतात आणि आल्याआल्या एकक रूपांतराला अडखळतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मी एक उजळणीची क्विझ घेते. ऑनलाइन असते, मुलं फोनवरच सोडवतात. गेल्या वर्षी त्या क्विझसाठी मी हा गाडीचा प्रश्न तीन भागांत तोडून लिहिला. पहिल्या चौकटीत ५७ मिनिटं म्हणजे किती तास ते लिहायचं. दुसरीत गाडीचा सरासरी वेग, ताशी किलोमीटरमध्ये. मग तिसरी: १ मे १८५४ ला हा मार्ग कल्याणपर्यंत गेला, ठाणे ते कल्याण २० किलोमीटर धरले, तर त्याच वेगाने गाडीला किती मिनिटं लागतील? उत्तरं ०.९५, ३५.७९ आणि ३३.५.

शनिवारी संध्याकाळी मी गुण पाहायला बसले. वर्गात साठ मुलं. यंत्राने सगळं तपासून ठेवलेलं असतं, नुसती यादी खाली सरकवत जायची. त्यात दोन ओळी एकाखाली एक आल्या.

एका मुलाची उत्तरं: ०.५७, ५९.६५, ३३.५. गुण तीनपैकी दोन.

एका मुलीची उत्तरं: पहिली चौकट रिकामी, दुसरी रिकामी, तिसरीत ३३.५. गुण शून्य.

मी कागद घेतला आणि त्या मुलाचे आकडे मांडले. ५७ मिनिटं म्हणजे ०.५७ तास, ही त्याची समजूत. ३४ ला ०.५७ ने भागलं की ५९.६५ येतात, भागाकार अचूक. आता २० ला ५९.६५ ने भागा. ०.३३५३ तास येतात. खरं तर याची मिनिटं करायला ६० ने गुणायला हवं, म्हणजे वीस मिनिटं आली असती. पण ज्याला ५७ मिनिटं ०.५७ तास वाटतात, त्याला ०.३३५३ तास साडेतेहतीस मिनिटंच वाटणार. जाताना शंभराने भागलं, येताना शंभराने गुणलं. एकच चूक दोनदा उलटसुलट झाली आणि नाहीशी झाली. उत्तर दशांशापर्यंत बरोबर. हा प्रश्न एकाच चौकटीचा असता तर त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते आणि तासाला शंभर मिनिटं असतात ही समजूत घेऊन तो डिप्लोमाची तीन वर्षं पार पाडू शकला असता.

आणि मुलीने काय केलं होतं? तिने त्रैराशिक मांडलं होतं. ३४ किलोमीटरला ५७ मिनिटं, तर २० किलोमीटरला किती? २० गुणिले ५७ भागिले ३४. तासही नको, वेगही नको. आजोबांच्या पिढीने जसं सोडवलं असतं तसं. माझ्या प्रश्नापेक्षा तिचं उत्तर जास्त नेटकं होतं आणि मी तिला शून्य दिलं होतं.

मी दिलं होतं, असंच म्हणते. यंत्राने नाही. यंत्राने मी सांगितलं तेवढं केलं.

याच्या मागे काय होतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, आम्ही सगळ्यांनीच परीक्षा ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली. मुलं वहीच्या पानांचे फोटो पाठवायची, ते बोटांनी मोठे करून करून डोळ्यांतून पाणी यायचं. मग बहुपर्यायी प्रश्न आले. चार पर्याय द्या, तासाभरात निकाल. मला ते कधीच पटलं नाही. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही सरासरीने चारांत एक उत्तर बरोबर मिळतं, हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे गणितात बहुपर्यायी प्रश्न उलटा सोडवता येतो. समीकरणाची मुळं विचारली तर चारही पर्याय समीकरणात घालून बघायचे, जुळेल तो निवडायचा. मुलं हुशार असतात, तेच करतात. त्यात समीकरण सोडवणं कुठेच येत नाही.

म्हणून मी असे प्रश्न शोधू लागले ज्यांत मुलाला स्वतःचं उत्तर स्वतः लिहावं लागेल. कॉलेजात मूडल, म्हणजे ऑनलाइन शिकवायची आणि परीक्षा घ्यायची प्रणाली, होतंच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेली ही प्रणाली, २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, आणि तेव्हापासून ती कोणालाही फुकट वापरता येते. तिच्यात गणितासाठी स्टॅक नावाचा एक प्रश्नप्रकार जोडता येतो. तो ख्रिस सँगविन या ब्रिटनमधल्या गणिताच्या प्राध्यापकांनी घडवला. त्याच्या पोटात मॅक्सिमा आहे, म्हणजे बीजगणित करणारी प्रणाली, जिचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रणालीत आहे. विल्यम शेल्टर नावाच्या टेक्ससमधल्या प्राध्यापकांनी मॅक्सिमा एकट्याने कित्येक वर्षं सांभाळली आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली करायची परवानगी मिळवली. ही नावं मी मुद्दाम लिहिते. आपण ज्याच्यावर उभे राहतो ते कोणीतरी आपल्याला न ओळखता बांधून ठेवलेलं असतं.

स्टॅकची खुबी अशी की मुलाने लिहिलेलं उत्तर ते अक्षरं जुळवून बघत नाही, गणित म्हणून बघतं. कोणी २(क्ष+३) लिहिलं आणि कोणी २क्ष+६, दोन्ही त्याला एकच. त्यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. उत्तर तपासायची वाट आपण आखायची. झाडासारखी: उत्तर हे आहे का? असेल तर या फांदीवर जा, नसेल तर त्या फांदीवर, तिथे पुढचा प्रश्न विचार. प्रत्येक फांदीच्या टोकाला गुण आणि मुलासाठी दोन वाक्यं. म्हणजे मूल कुठे चुकेल हे आधी ओळखून तिथे जाऊन थांबायचं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या.

बाईंकडे लाल पेन्सिल असायची, पेन नाही. आठवीत मी एकदा चक्रवाढ व्याजाचं उदाहरण सोडवताना पहिल्याच वर्षाचं व्याज चुकवलं. साध्या गुणाकारात हातचा विसरले. पुढची दोन्ही वर्षं त्या चुकलेल्या राशीवरच गेली, त्यामुळे शेवटचं उत्तर पार भलतंच. वही परत आली तेव्हा पहिल्या ओळीत चुकलेल्या आकड्याभोवती गोल होता. त्याच्या खालच्या प्रत्येक ओळीला बरोबरची खूण होती, आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हातचा विसरलीस. पुढचं तुझ्या आकड्याने बरोबर." पाचपैकी चार.

म्हणजे बाईंनी माझा चुकीचा आकडा घेऊन पुढचं सगळं गणित स्वतः करून पाहिलं होतं. चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यात. आज मी स्वतः वह्या तपासते तेव्हा त्याला किती वेळ लागतो ते कळतं. बरोबर उत्तराची यादी शेजारी ठेवून खुणा करत जाणं सोपं असतं. प्रत्येक मुलाच्या चुकीमागे चालत जाणं हे वेगळं काम आहे. बेरजेत हातचा जसा पुढच्या घरात नेतो, तशी चूकही पुढच्या ओळीत जाते. तपासणाऱ्याने तो चुकीचा हातचा धरून पुढे जायचं असतं. आम्ही शिक्षक आपापसांत याला पद्धतीचे गुण म्हणतो. मुलं स्टेपचे मार्क म्हणतात.

स्टॅकमध्ये हे करता येतं. दुसरी चौकट तपासताना मी यंत्राला सांगते: आधी बघ, खरं उत्तर आहे का. नसेल तर ३४ ला मुलाने पहिल्या चौकटीत जे लिहिलंय त्याने भाग, आणि त्याचं उत्तर त्याच्याशी जुळतं का ते बघ. जुळलं तर पूर्ण गुण. तिसऱ्या चौकटीला तेच, दुसरीतला आकडा घेऊन. थोडी ढील पण द्यावी लागते, कारण कोणी वेग ३५.८ लिहितं, कोणी ३५.७९, कोणी सरळ ३६. मी एक टक्का ढील दिली. त्यात ३६ बसतात. अर्धा टक्का दिली असती तर ३६ लिहिणारं मूल बाहेर पडलं असतं, आणि इथे मला पूर्णांकन शिकवायचं नव्हतं.

हे सगळं बसवलं त्या रात्री मी खूश होते. बाईंची लाल पेन्सिल साठ फोनांत पोचली, असं मला वाटलं होतं.

आणि मग शनिवारी त्या दोन ओळी.

मुलाला दुसऱ्या चौकटीचा गुण मिळाला तो रास्त होता. चुकीच्या तासांनी त्याने अचूक भागाकार केला होता. तिसऱ्या चौकटीत यंत्राने आधी खरं उत्तर आहे का ते पाहिलं, ३३.५ दिसले, पुढे काही विचारायची गरज पडली नाही. गुण दिला. मुलीच्या बाबतीत अडचण वेगळी होती. तिसरी चौकट तपासायला लागणारं झाड मी दुसऱ्या चौकटीवर बांधलं होतं. ज्या झाडाला दोन चौकटी लागतात, ते दोन्ही भरल्याशिवाय हलत नाही. हा नियम शहाणपणाचा आहे. अर्धवट माहितीवर निकाल देऊ नये. पण चौकट रिकामी ठेवायलाही परवानगी देता येते आणि ती मला द्यावी लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिचं उत्तर कोणी वाचलंच नाही.

सोमवारी ती स्वतःच आली. दिव्याहून येते, शांत मुलगी. फोन पुढे धरला आणि म्हणाली, "मॅडम, माझं उत्तर चुकलं का?"

"नाही गं. बरोबर आहे. पहिल्या दोन चौकटी का नाही भरल्यास?"

"वेग काढायची गरजच नव्हती ना."

यावर मला बोलायला काही नव्हतं. तिचे गुण मी तिच्यासमोरच हाताने बदलले. मग प्रश्न दुरुस्त करून सगळ्यांचीच पुन्हा तपासणी लावली, तेव्हा आणखी दोघं तिच्यासारखी निघाली. ती दोघं आलीच नव्हती विचारायला. आपलं चुकलं असेल असं धरून गप्प बसली होती. मला त्या दोघांचं जास्त वाईट वाटलं.

तिच्या त्या एका वाक्याने मी माझे सगळे जुने प्रश्न पुन्हा उघडले. दहावीच्या पेपरात "कृती पूर्ण करा" असा प्रश्न असतो, आपण सगळ्यांनी पाहिलाय. सोडवलेलं गणित छापलेलं असतं, मधे मधे रिकाम्या चौकटी. त्याचा हेतू चांगला आहे. बिचकणाऱ्या मुलाला कुठून सुरुवात करायची ते कळतं. पण चौकटी आखणाऱ्याने वाट आधीच चालून ठेवलेली असते. मुलाला फक्त पावलं त्याच ठशांत टाकायची असतात. प्रश्नाचे भाग पाडले की असंच होतं. जितके भाग जास्त, तितकी चूक कुठे झाली ते नेमकं कळतं, आणि तितकंच मुलाच्या विचारातलं काहीतरी आपण काढून घेतो. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात "समीकरण लिहा" अशी चौकट दिली की सगळ्यात अवघड गोष्ट, म्हणजे इथे समीकरण लागेल हे सुचणं, ती मी करून टाकलेली असते.

यावर माझ्याकडे एकच सरसकट उत्तर नाही. एकक रूपांतरासारख्या ठिकाणी, जिथे चूक लपून बसते, तिथे मी भाग पाडते. जिथे वाट शोधणं हेच शिकायचं आहे, तिथे आधी अख्खा प्रश्न एका चौकटीत देते, आणि तो चुकला तरच त्याचे तुकडे केलेला दुसरा प्रश्न समोर येतो. त्यात वेळ दुप्पट जातो. एका प्रश्नाला कधी कधी तीन संध्याकाळी. जायला हव्यात, असं माझं मत आहे. वर्गात फळ्यावर एक उदाहरण साठ जणांसमोर होतं. हा प्रश्न प्रत्येक जण एकटा बसून सोडवतो, तेव्हा तिथे मी नसते. जे काही माझं असेल ते आधीच त्यात घालून ठेवलेलं असावं लागतं.

आकडे निवडण्याचंही असंच. प्रत्येक मुलाला वेगळे आकडे द्यायचे म्हटलं की पहिल्यांदा वाटतं, यंत्राला सांगू, कोणतेही घे. मग एका मुलाला क्ष² − ८क्ष + १५ = ० येतं आणि शेजारच्याला असं काही, की मुळं करणीत अडकतात. म्हणून उत्तराकडून प्रश्नाकडे यायचं. आधी मुळं निवडायची, त्यांच्यापासून समीकरण बांधायचं. उणे सहा ते सहा, शून्य सोडून. दोन्ही मुळं सारखी नकोत. एकमेकांच्या विरुद्धही नकोत, कारण मग मधलं पद उडतं आणि तो प्रश्न सोपा होऊन बसतो. एवढं गाळून बरोबर ६० समीकरणं उरतात. माझ्या वर्गात साठ मुलं. एकेकाला एकेक वाटून देता आलं याचा मला झालेला आनंद मी घरी सांगितला, पण तो कोणाला नीट कळला नाही.

त्या मुळांच्या चौकटींनीही मला एकदा शिकवलं होतं. दोन मुळं, दोन चौकटी. कोणी ३ आणि ५ लिहील, कोणी ५ आणि ३, दोन्ही बरोबर. म्हणून मी दोन्ही चौकटींना सांगितलं, ३ किंवा ५ आलं की गुण दे. एकाने दोन्हीकडे ३ लिहिले आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. आता दोन्ही उत्तरं एकत्र घेऊन, संच म्हणून तपासते. आणखी एक मुलगा मराठी शाळेतून आलेला. त्याच्या फोनचा कीबोर्ड मराठीवर होता, त्याने ०.९५ देवनागरीत लिहिलं आणि चौकट ते घेईना. तो पंधरा मिनिटं आपलं गणित तपासत बसला. गणितात काही चूक नव्हतीच. तेव्हापासून प्रत्येक क्विझच्या वर पहिली ओळ तीच असते: कीबोर्ड इंग्रजीवर आणा. मला ती ओळ लिहायला आवडत नाही. पण पंधरा मिनिटं स्वतःवर शंका घेत बसलेलं पोर त्याहून आवडत नाही.

वेगवेगळ्या आकड्यांचा एक फायदा मला ट्रान्सहार्बरच्या गाडीत कळला. ऐरोलीला चढले, दोन मुलं दाराजवळ उभी, माझ्याच वर्गातली, पाठ माझ्याकडे. फोनवर क्विझ उघडी. एकाने विचारलं, "तुझे किती आले?" दुसऱ्याने सांगितलं. "माझं समीकरणच वेगळंय." थोडा वेळ दोघं गप्प. दिघा गाव गेलं. मग पहिला म्हणाला, "बरं, तू पंधराचे अवयव कसे पाडलेस ते सांग." ठाणं येईपर्यंत ते अवयवांवर बोलत होते. आकडे सारखे असते तर संभाषण पहिल्याच वाक्यात संपलं असतं. मी ठाण्याला उतरताना त्यांना दिसणार नाही अशी मागच्या दाराने उतरले.

आता त्या ०.५७ वाल्या मुलाबद्दल.

त्याला मी मंगळवारी थांबवून घेतलं. त्याला तीनपैकी दोन मिळाले होते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. पहिलं चुकलं हे त्याने पाहिलं होतं, पण शेवटचं बरोबर आलंय म्हणजे पहिल्यात टायपिंग चुकलं असेल, असं त्याने ठरवलं होतं. त्याला मी दोष देत नाही. शेवटचं उत्तर हिरवं झालं की मागे वळून बघायचं कारण उरत नाही.

त्याला दशांश अपूर्णांकांबद्दल काही सांगायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. सातवीपासून त्याला ते सांगितलं गेलंच असणार.

"पाऊण तास म्हणजे किती मिनिटं रे?"

"पंचेचाळीस."

"आणि पाऊण दशांशात कसं लिहितोस?"

"शून्य पॉइंट पंच्याहत्तर."

"मग पंचेचाळीस मिनिटं शून्य पॉइंट किती तास?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. मी वाट पाहिली. बाहेर पुढच्या तासाची मुलं जमू लागली होती.

"पंच्याहत्तर," तो म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, अगदी हळू, "मग सत्तावन्न पाऊण तासापेक्षा जास्त असून कमी कसे झाले?"

हे मी विचारणार होते, त्याने स्वतः विचारलं. ०.५७ हे ०.७५ पेक्षा लहान, पण ५७ मिनिटं ४५ पेक्षा जास्त. त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात ५७ भागिले ६० मांडलं. ०.९५. मग वेग पुन्हा काढला, मग कल्याणची मिनिटं. ३३.५. त्याने मागे वळून पाहिलं. तेच उत्तर दुसऱ्यांदा आलं होतं, आणि या वेळी ते कुठून आलं हे त्याला माहीत होतं.

"म्हणजे आधी दोनदा चुकलं," तो म्हणाला.

आपल्या भाषेत ही सोय किती मोठी आहे, याचा विचार मी त्या दिवशी घरी जाताना करत होते. पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, अडीच. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ होती. दुधाचा हिशेब ती त्यातच करायची. पाऊण तास म्हणताना मराठी माणूस अपूर्णांकच बोलत असतो. एक पूर्णांक तीस तास म्हणजे दीड तास असं घड्याळाकडे बघून कोणालाही वाटू शकतं, कारण घड्याळ तास आणि मिनिटांच्या मधे टिंबं घालतं. पण पाऊण म्हटलं की मूल चुकत नाही. ते शाळेत शिकायच्या आधीच त्याच्या तोंडात बसलेलं असतं. इतकी वर्षं मी शिकवते आणि ही सरळ वाट मला एका चुकलेल्या उत्तराने दाखवली.

त्या रात्री मी प्रश्न पुन्हा उघडला. पहिल्या चौकटीत ०.५७ आलं, तर आता झाडाची एक वेगळी फांदी आहे. तिथे चूक असं लाल अक्षरात येत नाही. येतं ते असं: "पाऊण तास म्हणजे किती मिनिटं? तेच दशांशात लिहून बघा आणि मग ५७ कडे या." पुन्हा लिहायची मुभा, गुण न कापता. चुकीच्या प्रत्येक प्रयत्नाला थोडे गुण कापायचे ही आयती मांडणी मी या क्विझपुरती काढून टाकली. तिसऱ्या चौकटीत आता खरं उत्तर दिसल्यावर यंत्र थांबत नाही. दुसरी चौकट रिकामी असेल तर पूर्ण गुण, त्या मुलीच्या त्रैराशिकाला. दुसरीत वेग चुकलेला आणि तरी तिसरीत ३३.५ असतील, तर गुण रोखून ठेवतं आणि वेग पुन्हा काढायला सांगतं. असं उत्तर चूक ठरवायचं की बरोबर, यावर मी बराच वेळ अडले होते. बाईंनी काय केलं असतं? त्यांनी गोल केला असता, पण खूण किंवा फुली काहीच न करता वही परत दिली असती, आणि पोरगं टेबलाशी येईपर्यंत थांबल्या असत्या, असं मला वाटतं.

स्टॅकमध्ये प्रत्येक प्रश्नासोबत चाचण्या साठवता येतात. आपण काही उत्तरं भरून ठेवायची आणि त्यांना काय गुण पडायला हवेत ते लिहून ठेवायचं. पुढे कधी प्रश्नात बदल केला, की यंत्र ती उत्तरं पुन्हा सोडवून बघतं आणि काही बिघडलं तर सांगतं. माझ्या गाडीच्या प्रश्नात आता चार चाचण्या आहेत. पहिलीत सगळं बरोबर. दुसरीत ३६ लिहिणारं मूल. तिसरीत दोन रिकाम्या चौकटी आणि ३३.५. चौथीत ०.५७, ५९.६५, ३३.५.